तीन बॅटऱ्या आणि एक तवा

देवपूर

धुळ्याला लोक लग्नाला जातात, कोर्टाच्या कामाला जातात, किंवा इंदूरकडे जाताना चहापुरते थांबतात. मी टॉर्च निवडायला गेलो होतो.

माझ्याकडे एकूण किती टॉर्च आहेत हे मी घरात सांगत नाही आणि घरातले विचारत नाहीत. या समजुतीवर आमचा संसार बरा चालला आहे. पुण्यात आमच्या गल्लीतले दिवे दुपारीही चालू असतात, त्यामुळे मला टॉर्चची गरज अशी कधीच पडत नाही. पण गरज पडली असती तर त्याला छंद म्हणता आलं नसतं. आमची एक मंडळी आहे. आम्ही महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गच्चीवर जमतो, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर झोत टाकतो आणि त्यांच्या वॉचमनची बोलणी खातो. मंडळीत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, स्वस्त घ्या, बिघडली की दुसरी घ्या. दुसरा म्हणतो, एकदाच महाग घ्या आणि नातवाला द्या. मी दुसऱ्या पंथाचा, फक्त मी ती एकदाच घेण्याची गोष्ट वारंवार करतो.

अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, डिसेंबरात फोन आला. ती लग्न होऊन धुळ्याला गेली त्याला आता जन्म लोटला. पांझरेपलीकडे देवपुरात तिचं घर आहे.

"तुझ्या त्या खेळण्यांचा एकदा तरी कुणाला उपयोग होऊ दे," ती म्हणाली. "नानांसाठी बॅटरी बघायची आहे. नुसती पाठवू नकोस. घेऊन ये."

नाना म्हणजे दाजींचे काका. पारोळ्याच्या अलीकडे एका गावात राहतात. पंचाहत्तरी ओलांडली आहे. गेल्या पावसाळ्यात ते संध्याकाळी शेतातून परत येताना तुटलेल्या बांधावरून खाली गेले आणि मनगट मोडून घेतलं. त्यांची बॅटरी जुनी, स्टीलची, तीन सेलची. तिच्या उजेडात बांध आहे हे कळायचं, तो तुटला आहे हे कळायचं नाही. त्यांच्या मुलानं, संजूनं, आता स्पष्ट सांगितलं होतं: नानांना चालेल असा नीट उजेड मिळाला तर ठीक, नाहीतर शेत बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला द्यायचं आणि संध्याकाळचं जाणं बंद. बटाई करणारा माणूस ठरलेलाही होता. पुढच्या आठवड्यात तो बोलायला येणार होता.

"आणि नाना घरी बसले तर?" मी विचारलं.

"तर नानी पहिल्या महिन्यात माहेरी जाईल," अक्का म्हणाली. मग जरा थांबून, "नाना काही बसणार नाहीत रे. नुसते झुरतील."

मी पोचलो त्या रात्री देवपुरात शेवभाजी झाली. आमच्याकडे शेव मिसळीवर शोभेला असते. इथे ती स्वतःच भाजी आहे, आणि रश्श्याचा रंग असा की पाहुण्यानं आधी देवाचं नाव घ्यावं. दाजी भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी जेवता जेवता माझ्या महागड्या टॉर्चची पेटी उघडली आणि पत्रक वाचायला घेतलं. पुढच्या कडेला करवतीसारखे दाते का आहेत, तर हल्लेखोराला प्रतिकार करण्यासाठी आणि गाडीची काच फोडण्यासाठी. टॉर्च दोन मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते, असंही लिहिलं होतं.

"पांझरेत पाणी असतं तर आत्ताच बघितलं असतं," दाजी म्हणाले.


आग्रा रोड, धुळे

मी पक्षपाती नाही हे दाखवण्यासाठी दुसऱ्या दिवशी एक स्वस्त टॉर्च घ्यायची ठरवली. नानांच्या हातात दोन्ही देऊ, कुठली चालते बघू. बाजारात खेळणी, छत्र्या आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका दुकानात टॉर्चचा ढीगच होता. एकीला बाजूला ट्यूब, एकीला पाठीवर सोलरची पट्टी, एकीला भोंगा. एकीत रेडिओसुद्धा होता. उजेड देणं हे या वस्तूंचं जोडकाम असावं.

"ही घ्या साहेब," दुकानदार म्हणाला. "दोन किलोमीटर जाते."

"आणि परत येते का?"

"तुम्ही पुण्याचे का?" त्यानं विचारलं.

मी कबूल केलं. खोक्यावर जो आकडा छापला होता तो खरा असता तर त्या टॉर्चवर गिरणा धरणाची दुरुस्ती रात्री करता आली असती. आकड्यांवर माझा विश्वास नाही, पण राग एकट्या स्वस्त मालावर काढणं अन्यायाचं होईल. स्वस्त टॉर्च खोक्यावर खोटं बोलते. महाग टॉर्च पत्रकात बोलते, जरा बऱ्या भाषेत.

"गॅरंटी?"

"या पायरीपर्यंत," त्यानं दुकानाची पायरी दाखवली. मला तो माणूस आवडला. महाग टॉर्चवाल्या कंपनीची पाच वर्षांची हमी मिळवायला मला एकदा टॉर्च परदेशात पाठवावी लागली होती, आणि ती परत आली तेव्हा माझी दुसरी घेऊन झाली होती. पायरीपर्यंतच्या हमीत निदान फसवणूक नाही.

निळसर पांढऱ्या उजेडाची, बाजूला ट्यूब असलेली, भिंतीत खोचून चार्ज होणारी अशी एक उचलली. वजनाला अगदीच हलकी. आत काहीतरी सुटं वाजत होतं. ते काय आहे हे मी विचारलं नाही, त्यालाही माहीत नसावं.


पारोळ्याच्या अलीकडे

अक्का, दाजी आणि मी एसटीनं निघालो. वाटेत एका चौकात 'भव्य भरीत महोत्सव' असा फ्लेक्स लागला होता. त्यावर वीसेक चेहरे हात जोडून उभे होते आणि वांगं एका कोपऱ्यात, मान मुरगळल्यासारखं. दाजी म्हणाले, महोत्सवात आधी सत्कार होतात, मग भाषणं, आणि तोवर भरीत गार होतं. आमचं भरीत शेतात आहे, तिथे शाल मिळणार नाही.

संजू स्टँडवर घ्यायला आला होता. चाळिशीचा, बोलायला मोजका. काळ्या जमिनीतली कपाशी वेचून संपत आली होती. उभ्या काड्यांवर कुठे कुठे कापूस तेवढा अडकला होता, तोही वाऱ्याला आलेला. गहू हातभर झाला होता. नानांचं शेत गावापासून फार लांब नाही. घराच्या गच्चीवरून, तिला इथे स्लॅब म्हणतात, मध्ये नाला, नाल्याचं वळण, आणि पलीकडे वावर दिसतं. मोटर आता मोबाइलवरून बंद होते, तसा स्टार्टर संजूनं बसवला आहे. तरी नाना रोज दिवस मावळताना जातात. मोटर बंद झाली का हे बघायला नव्हे. पाणी गव्हाच्या शेवटच्या सरीपर्यंत गेलं का हे बघायला. ते मोबाइल सांगत नाही.

भरिताची तयारी दुपारीच सुरू झाली होती. हिरवी, पांढुरक्या रेघांची, हाताच्या पंजाहून मोठी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर टाकली होती. भावकीतली दहा-बारा माणसं जमली होती. भाजून काळी झालेली वांगी सोलून लाकडी बडगीत, मिरची-लसणाबरोबर, दोघं जण आळीपाळीनं ठेचत होते. मग कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. मी नानीला सांगितलं की आमच्याकडे काही घरांत भरितात दही आणि चिमूटभर साखर घालतात.

"वांगामा साखर?" नानी भाकरी थापता थापता थांबली. "मंग खीरच करानी ना!"

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीत पोचली. पुढचे दोन दिवस मला प्रत्येक घरात चहा देताना साखर किती, असं मुद्दाम विचारलं गेलं.

सूर्य टेकल्यावर टॉर्च बाहेर निघाल्या. नाना बारीक अंगाचे, ताठ, डोक्याला मफलर. महाग टॉर्च त्यांनी तळहातावर तोलली. बोट फिरवून दाते तपासले.

"पाव्हणा, हाई इतली जड कसाले? कोणले मारानी शे का?"

पत्रकातही तेच लिहिलं आहे, असं मी सांगितलं. मग बटण समजावलं. एकदा दाबलं की मंद, दाबून धरलं की प्रखर, दोनदा दाबलं की कमाल, तीनदा दाबलं की लुकलुक. नाना सगळं ऐकून म्हणाले, "आणि बंद?"

"तेही त्याच बटणानं."

"मन्ही बॅटरीले एकच माहीत शे. मांगे सरकाडी का बंद, पुढे सरकाडी का चालू."

धुळ्याची टॉर्च त्यांनी लावली, हवेत धरली, हलवून आतला खुळखुळ ऐकला आणि शेजारच्या माणसाच्या हातात दिली. भावकीनं मात्र एकमतानं महाग टॉर्चची निवड केली. तिचा झोत पार वावराच्या टोकाच्या बाभळीवर पडला आणि तिच्यावरचे बगळे उडाले. "दिवस ऊगना भो!" कुणीतरी ओरडलं. माझी छाती फुगली. इतकी वर्षं ज्याच्यासाठी पैसे घातले ते शेवटी बगळ्यांना तरी पटलं होतं.

नानांनी ती खिशात टाकली. पण घरी आल्यावर त्यांनी आपली जुनी स्टीलची बॅटरी कोपऱ्यात ठेवली नाही, खुंटीला टांगली.


दुसरी संध्याकाळ

दुसऱ्या दिवशी नाना नवी टॉर्च घेऊन एकटे गेले. संजूची हीच अट होती: एकट्यानं जाऊन, एकट्यानं परत यायचं. मी, अक्का आणि दाजी खाली ओसरीत बसलो होतो. मी दाजींना सांगत होतो की चांगला उजेड ओळखायचा कसा. पांढऱ्यातही प्रकार असतात. माझ्या टॉर्चचा पांढरा इतका स्वच्छ की त्यात पानाचा हिरवा आणि मातीचा काळा खरे दिसतात. मी अजून बोललो असतो, पण तेवढ्यात नानी वरून जिन्यानं खाली आली.

"उनात नही," ती म्हणाली. आले नाहीत.

अंधार पडून बराच वेळ झाला होता. संजूनं फोन लावला. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात नानांचा फोन वाजू लागला. नाना तो शेतात नेत नाहीत, पाण्यात पडेल म्हणून.

संजूनं मोटरसायकल काढली आणि गाडीरस्त्यानं गेला. दाजी आणि मी पायवाटेनं निघालो. अक्का नानीला घेऊन शेजारच्या गल्लीतल्या भावकीकडे सांगायला गेली. घर उघडं राहिलं.

माझ्या हातात धुळ्याची टॉर्च होती. नाल्यापर्यंत तिनं साथ दिली. पुढे ती आपोआप ट्यूबवर गेली आणि मग ट्यूबही विझली. मी तिला थोबाडीत मारल्यासारखं मारलं, तेव्हा ती पुन्हा लागली. ही दुरुस्ती महाग टॉर्चला लागू पडत नाही, हे तिच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. वाटेत शेतातून परतणारी माणसं भेटली. सगळ्यांच्या हातात टॉर्च, सगळ्यांचा उजेड पांढरा. "नानाले देखं का?" दाजी विचारत होते. एक जण म्हणाला, एक भारी झोतवाला मघाशी गावाकडे गेला, तोंड काही दिसलं नाही, डोळेच दिपले.

तुटलेल्या बांधापाशी आम्ही दोघांनी खाली वाकून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. दाजींनी माझा दंड धरला होता तो सोडला.

मग मागे, गावाच्या बाजूच्या बांधावर, पोलिसांची गाडी उभी असावी तसा उजेड लुकलुकायला लागला. कुत्री पिसाळल्यासारखी भुंकत होती. आम्ही धावलो. बांधावर नाना उभे होते, हात लांब करून, टॉर्च स्वतःपासून शक्य तितकी दूर धरून.

"हाई बंद कशी करानी रे? हाई तं येडी व्हयनी!"

मी बंद केली. अंधारात आम्ही तिघं धापा टाकत उभे राहिलो. तेवढ्यात संजूही आला.

"बठ्ठा कथा गयात रे?" नाना चिडून म्हणाले. सगळे कुठे गेलात? "मी घर उनू तं घरमा कोणी नही. चूल थंडी. तुमले शोधाले निघनू!"

म्हणजे नाना रोजच्या वाटेनं, न पडता, न अडखळता घरी पोचले होते. फक्त गावाच्या तोंडाशी एका ओट्यावर नवी बॅटरी दाखवायला थांबले होते, तेवढ्यात आम्ही पुढे निघून गेलो. तुटलेला बांध त्यांना लख्ख दिसला होता. टॉर्चनं आपलं काम केलं होतं. आम्ही त्यांना शोधायला निघालो होतो आणि ते आम्हाला.

घरी आल्यावर नानीनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे आपटून ठेवला. मग उलगडा झाला. नानी रोज त्या वेळेला वर जाऊन उभी राहते. नाल्याच्या वळणावर नाना आले की बॅटरी दोनदा वर-खाली करतात. ते दिसलं की ती खाली येऊन तवा ठेवते. वळणापासून घरापर्यंत जितका वेळ लागतो तितक्यात तवा तापतो आणि पहिली भाकरी पडते. नाना ओट्यावर पाय धुऊन आत येईपर्यंत ती फुगते. लग्नानंतर काही वर्षांनी ही बॅटरी घरात आली, तेव्हापासून असंच.

"आज केलं नाही का वर-खाली?" मी नानांना विचारलं.

"करं ना!"

"कोनतरी पांढरा उजेड हालवी ऱ्हायंता," नानी म्हणाली. "माले वाटनं पोरं ससा मारी ऱ्हायनात. तुमना पिवया उजेड उनाच नही."

नाल्याच्या वाटेवर संध्याकाळी दहा उजेड असतात आणि आता ते सगळे एकाच बाजारातून आलेले, एकाच रंगाचे. त्यांत मंद पिवळा एकटाच, नानांचा. वाटेवरचे लोकही त्यांना लांबून त्यावरूनच ओळखायचे. मी पुण्याहून मला माहीत असलेला सर्वांत स्वच्छ पांढरा उजेड आणला होता आणि त्यात नाना हरवून गेले.

संजूनं हात धुतले, पुसले, आणि वडिलांकडे न बघता म्हणाला, "आते बस झायं, नाना. परवा तो माणूस येतोय. देऊन टाकू."

"दी टाक," नाना म्हणाले. "वावर दी टाक बटाईले. मंग मी काय वट्टावर बशीसन माश्या मारू?"

भाकरी त्या दिवशी उशिरा झाली आणि नाना अर्धीच जेवले.

मी संजूला बाहेर गाठलं. "चूक माझी आहे, नानांची नाही. उद्याची एक संध्याकाळ दे."

"तुमची बॅटरी चांगलीच आहे, मामा," तो म्हणाला. अक्काच्या मुलांमुळे मी त्या गावात सगळ्यांचा मामा आहे. "पण ते बटण त्यांना जमणार नाही. आणि आईचं काय करणार?"

"उद्याची एक संध्याकाळ."

"उद्याची," तो म्हणाला आणि आत गेला.

दाजींनी मिठाईच्या खोक्याचा पिवळा कागद रबरबँडनं माझ्या टॉर्चच्या तोंडावर बांधून पाहिला. उजेड आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा झाला. मी तो कागद सोडवला आणि खुंटीवरची स्टीलची बॅटरी खाली उतरवली. मागचं झाकण उघडलं, स्प्रिंग पाहिली, काच काढून आतली वाटी पाहिली. गंज होता, पण वाटी शाबूत होती. पंथ वगैरे राहू दे बाजूला, टॉर्च उघडून बसलो की मला काय करायचं ते कळतं.


जळगाव

जुन्या बॅटरीत तारेच्या बल्बच्या जागी बसणारे एलईडी बल्ब मिळतात. उजेड कितीतरी जास्त, सेल कितीतरी कमी खातो. अडचण एकच होती: मिळतात ते सगळे पांढरे. मला पिवळा पाहिजे होता, आणि तोही कागद लावल्यासारखा नाही, तारेच्या बल्बच्या जातीचा.

सकाळच्या गाडीनं जळगावला गेलो. दोन-तीन दुकानांत नकार मिळाला. एकानं तर पिवळा बल्ब म्हणजे बिघडलेला बल्ब असं मला समजावून सांगितलं. मग बाजाराच्या आतल्या बाजूला एक जुनं दुकान सापडलं. गादीवर मारवाडी शेठजी, मागे छतापर्यंत खोकी, समोर काचेखाली घड्याळाच्या सेलपासून मिक्सरच्या ब्रशपर्यंत सगळं.

"पांढरा घ्या. सगळे पांढराच नेतात," शेठजी म्हणाले.

"म्हणूनच पिवळा पाहिजे."

"उजेड कमी वाटेल."

"वाटेल, असणार नाही. पांढरा डोळ्यावर येतो म्हणून जास्त वाटतो."

शेठजींनी चष्मा वर केला. गिऱ्हाईक अभ्यास करून आलं की दुकानदाराचा चेहरा जरा पडतो, मी पुष्कळ दुकानांत पाहिलं आहे. "पिवळे आले होते एकदा," ते म्हणाले. "कंपनीनं चुकून पाठवले. परतही घेईनात. पण तुम्हाला पिवळाच का?"

खरं कारण सांगायचं की रंगाचं शास्त्र, असा मला क्षणभर प्रश्न पडला.

"एका बाईंना तवा ठेवायचा असतो," मी म्हणालो. आणि नाला, वळण, वर-खाली हे थोडक्यात सांगितलं.

"असं बोला ना," शेठजी म्हणाले, जणू असं गिऱ्हाईक रोजच येतं. ते उठले, स्वतः शिडी चढले आणि वरच्या खोक्यांच्या मागून धुळीनं भरलेली पुडी काढली. तीन सेलवर चालतो ना, हे मी माझ्या मीटरवर तपासून घेतलं. चांगल्या प्रतीचे सेल घेतले, न गळणारे. सेलमध्ये मी स्वस्ताई करत नाही, हा एक मुद्दा आमच्या मंडळीत दोन्ही पंथांना मान्य आहे. शेठजींनी एक बल्ब जास्तीचा बांधून दिला. "हा गेला तर पुन्हा मिळणार नाही," म्हणाले.

दुपारी गावात परत आलो. नानीकडून लिंबू मागितलं. ती म्हणाली, "साखर बी देऊ का?" लिंबानं आणि पॉलिश पेपरनं स्प्रिंगचा गंज काढला, वाटी मऊ फडक्यानं पुसली. बल्ब बसवला तर झोत पसरट पडला, मध्ये काळा ठिपका. नवा बल्ब जुन्या तारेच्या जागी बरोबर येत नाही, हे अपेक्षितच होतं. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या चकत्या कापून बल्बखाली घातल्या, एक काढली, पुन्हा घातली. नाना माझ्यासमोर पाटावर बसून भिंतीवरचा ठिपका बघत होते.

"अजून मांगे," ते म्हणाले. "अजून जरासा. बस."

ठिपका गोल, भरीव आणि पिवळा झाला. नानांनी बॅटरी घेतली, सरकवून बंद केली, सरकवून चालू केली. पुन्हा एकदा. मग उठून मफलर बांधायला गेले.


तिसरी संध्याकाळ

पुण्याला परतल्यावर मंडळीनं पहिला प्रश्न हाच विचारला की शेवटी स्वस्त की महाग. धुळ्याची टॉर्च परतीच्या प्रवासात बॅगेत आपोआप लागली आणि विझली ती विझलीच. आतलं खुळखुळणारं काहीतरी बहुधा महत्त्वाचं असावं. महाग टॉर्च संजूनं मागून घेतली, विहिरीतली मोटर बघायला, आणि त्या कामाला तिच्यासारखी दुसरी नाही. लुकलुकीचं बटण तेवढं त्यानं शिकून घ्यायचं नाकारलं. मी दोन्ही पंथांना हे सांगितलं आणि दोघांनाही आपापलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटलं.

पण त्या तिसऱ्या संध्याकाळी नानांच्या गच्चीवर आम्ही तिघं होतो. नानी कठड्याशी, संजू तिच्यामागे हाताची घडी घालून, आणि मी. नाना बॅटरी घेऊन दिवस मावळायच्या आधी गेले होते. थंडी पडायला लागली. नाल्याच्या वाटेवर एक पांढरा उजेड आला आणि गेला. मग दोन एकदम. मग एक मोटरसायकल. नानी प्रत्येकाकडे बघायची आणि मान फिरवायची.

"इतक्यात येत असतात," संजू म्हणाला.

मी चकत्या नीट बसल्या होत्या का, सेलचं झाकण घट्ट होतं का, सगळं मनात पुन्हा उघडून पाहिलं. सगळं नीट होतं. मला खात्री होती, पण ती खात्री मी नानीला दाखवू शकत नव्हतो.

मग नाल्याच्या पलीकडे, वावराच्या बाजूला, एक उजेड दिसला. पिवळा. आधीच्या कितीतरी वर्षांपेक्षा मोठा, पण पिवळा. तो बांधावरून सरळ आला, तुटलेल्या जागेपाशी थांबला, खाली वाकला, तिथे जमिनीवर गोल पडलेला आम्हाला वरूनही दिसला. मग बाजूनं फिरून पुढे निघाला. संजूनं हाताची घडी सोडली.

नानी मात्र हलली नाही. डोळे बारीक करून बघत होती. "हाऊ मोठा शे," ती म्हणाली. हा मोठा आहे.

उजेड वळणावर आला. थांबला. वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला आणि खाली आला.

नानी वळली आणि भराभरा जिना उतरायला लागली. संजूनं खिशातून मोबाइल काढला आणि जरा लांब जाऊन कुणाला तरी फोन लावला. "हां, संजू बोलतोय. उद्या येऊ नका," म्हणाला. पलीकडून काय विचारलं ते कळलं नाही. "नही, नही. वावर नानाच करी ऱ्हायनात," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

खाली चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला. मी कठड्याशी उभा राहून वाटेवरचा पिवळा ठिपका मोठा होत जाताना बघत राहिलो. तो गल्लीच्या तोंडाशी आला, ओट्याशी आला आणि नानांनी तो मागे सरकवून बंद केला. पाय धुतल्याचं पाणी ओट्यावरून वाहिलं. आतून नानीचा आवाज आला, "बठा. फुगनी शे."